दोन रिंगा

श्रावण निम्मा सरला तरी पावसाने ओढ दिली होती. कपाशी गुडघ्याएवढी होऊन जागच्या जागी थांबली होती. तणाला मात्र ना पाऊस लागतो ना खत, ते आपलं मजेत वाढत होतं. बन्सीलाल पाटलाच्या शेतात बायका सकाळपासून निंदायला बसल्या होत्या. उकडत असं होतं, की घाम पुसायला पदर घ्यावा तर पदरच ओला.

वच्छलाबाई सगळ्यांच्या मागे पडली होती. एरवी ती पुढे असायची. साठी उलटली तरी हात चालता होता. खुरपं घातलं की केन्यासारखं चिवट तणही मुळासकट बाहेर यायचं. पण आज बाजाराचा दिवस होता, आणि बाजाराच्या दिवशी दुपार होत आली की तिचं लक्ष खुरप्यावर राहत नसे. ती लुगड्याला हात पुसायची, कमरेची पिशवी उघडायची, आतला बटणांचा फोन काढून बघायची आणि परत ठेवायची. नखांत माती, बोटांना चीक. फोनची बटणंही आता त्याच रंगाची झाली होती.

"आत्या, त्या फोनले इतलं देखशी तं तो लाजी जाई," पुढच्या ओळीतून लताबाई म्हणाली.

बायका हसल्या. वच्छलाबाईही हसली, कारण हसलं नाही तर लोक विचारतात.

लताबाई तिची शेजारीण. भिंतीला भिंत लागून घर, भावकीतलं लांबचं नातं. वच्छलाबाई एकटी राहते म्हणून भाजी-कालवणाची वाटी इकडून तिकडे होत असे. पण बाजाराच्या दिवशीच्या फोनचं लताबाईला काही ठाऊक नव्हतं. ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

हेमांगी ही वच्छलाबाईची एकुलती एक लेक. धरणगावच्या कॉलेजात जायची. एक दिवस कॉलेजला म्हणून गेली ती परत आली नाही. दुसऱ्या जातीच्या पोराबरोबर सुरतेला निघून गेली. तिचा बाप चिंधा मुळात तापट, त्यात गावाने तोंडावर विचारायला सुरुवात केली. त्याने बायकोला देवाच्या दिव्यापुढे उभं केलं आणि तिच्या कुंकवाची आण घातली. म्हणाला, "तिनासंगे एक शब्द बोलशी, तं मनं मरेल तोंड देखशी."

कुंकवाची आण मोडायची छाती कोणत्या बाईला होते? पुढे एका बाजाराच्या दिवशी चिंधा धरणगावला गेलेला असताना घरातला फोन वाजला. वच्छलाबाईने उचलला. पलीकडून आवाज आला, "माय, मी बरी शे." तिने एक शब्द काढला नाही. लाल बटण दाबून फोन कापला आणि चुलीपुढे बसून राहिली. पुढच्या बाजाराला पुन्हा फोन वाजला. दोन रिंगा झाल्या, तिने उचलला नाही, नुसतं लाल बटण दाबलं. लेक हुशार होती, ती समजली. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी तिकडून दोन रिंगा यायच्या आणि इकडून लाल बटण दाबलं जायचं. पोरगी म्हणायची, मी आहे. माय म्हणायची, मीही आहे. शब्द एकही नाही, म्हणजे शपथही शाबूत. नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून वच्छलाबाई तो नंबर लगेच पुसून टाकायची. नंबर कसा पुसायचा तेवढं तिने गल्लीतल्या पोरींकडून शिकून घेतलं होतं.

असं कितीतरी वर्षं चाललं. मग चिंधा छातीत कळ येऊन शेतातच गेला. तेरावं झालं, लोक पांगले, आणि वच्छलाबाईच्या मनात किडा शिरला. शब्द बोलले नाही खरी, पण त्या रिंगा म्हणजे बोलणंच नव्हतं का? त्याने म्हटलं होतं मरेल तोंड देखशी, आणि देखलंच ना मी. लोकांच्या दृष्टीने आता तिला कोणाचा धाक नव्हता. पण जित्या माणसाची शपथ त्याच्या पाया पडून सोडवता येते, मेलेल्याची कोणाकडून सोडवायची? म्हणून ती पुढेही बोलली नाही. दोन रिंगा, लाल बटण, आणि नंबर पुसणं, हे सगळं तसंच चालू राहिलं.

आणि गेल्या दिवाळीपासून रिंगा बंद झाल्या.

तिला वाटलं, पोरगी रागावली. बाप मेल्यावरही माय बोलत नाही म्हटल्यावर कोणाचंही मन विटेल. मग वाटलं, आजारी असेल. मग जे वाटलं ते तिने मनातल्या मनातसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. दिवाळी गेली, होळी गेली, उन्हाळा तापून गेला. ती दर बाजाराला फोन हातात घेऊन बसायची. एकटीचा स्वयंपाक असा किती असतो! एक भाकर टाकायची, अर्धी खायची आणि अर्धी गाईच्या पुढ्यात टाकायची.

निंदणीच्या त्या दिवशी दुपारी बांधावरच्या निंबाखाली बायका भाकरी सोडून बसल्या. वच्छलाबाईने न राहवून लताबाईला हाक मारली.

"लता, तू मले एक फोन लाव बरं."

"कसाले? मी तं तुना म्होरे बठेल शे."

"लाव तं खरी. वाजस का नहीं, देखू दे."

लताबाईने हात झटकले, मोठ्या काचेचा फोन काढला आणि नंबर लावला. तिच्या फोनमध्ये रिंग वाजायला लागली. वच्छलाबाईच्या हातातला फोन मात्र गप्प होता. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात लताबाईच्या फोनमधून एका पोरीचा आवाज आला, "हॅलो, कोण?"

"तू कोन बोली ऱ्हायनी? हाऊ तं आमनी आत्याना नंबर शे!"

"नाही हो, राँग नंबर. हा माझा नंबर आहे. जळगावहून बोलतेय मी." आणि फोन बंद झाला.

लताबाईने लावलेला नंबर पुन्हा तपासून बघितला. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "आत्या, तू ते छत्रीवालाकडथून कार्ड लिधं व्हतं ना दिवाईले? नवं?"

घेतलं होतं. कापूस वेचणी ऐन भरात असताना मारुतीच्या पारावर एका कंपनीची रंगीत छत्री लागली होती. गावात टॉवर एकही नाही. घरात रेंज कधी असते, कधी नसते; हमखास फोन लागायचा तर पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर नाहीतर उंच बांधावर जावं लागतं. पण छत्र्या मात्र वर्षाला तीन-चार लागतात. वाटपाच्या वेळी या कंपन्यांची एकमेकींवर केवढी चढाओढ! आणि भाव वाढवायची वेळ आली की सगळ्या सख्ख्या बहिणी. चिंधाने पहिलं कार्ड घेतलं तेव्हा सांगितलं होतं, येणाऱ्या फोनला आयुष्यभर पैसे नाहीत. आयुष्यभर म्हणजे कोणाच्या आयुष्यभर, ते काही सांगितलं नव्हतं. पुढे महिन्याच्या महिन्याला रिचार्ज मारल्याशिवाय येणारा फोनही येईना. दिवसभर पाठ मोडून निंदावं आणि तो रोज फोनच्या घशात घालावा, तेव्हा कुठे दोन रिंगा वाजायच्या. छत्रीवाला म्हणाला, आजी, जुनं कार्ड टाका, हे नवं फुकट घ्या, पहिले काही महिने रिचार्ज आमचा. वच्छलाबाईने अंगठा लावला आणि कार्ड घेतलं. तिला वाटलं, फोन तोच आहे, म्हणजे नंबरही तोच राहणार. बैल तोच असला म्हणजे झूल बदलली म्हणून त्याचं नाव बदलत नाही.

"फोन तं तोच शे वं लता," ती आता म्हणाली.

"फोन तोच शे आत्या, पन नंबर कार्डमा ऱ्हास. जुना नंबर कंपनीनी दुसराले दी टाका."

वच्छलाबाईच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणजे पोरगी रागावली नव्हती. ती रिंगा देतच असेल, दर बाजाराला, आणि कोणीतरी परकी पोरगी त्या ऐकत असेल. लेकीचा नंबर तर तिने स्वतःच्या हाताने पुसला होता, दर वेळी, न चुकता.

दुसऱ्या दिवशी रोज बुडवून ती धरणगावला कंपनीच्या दुकानात गेली. काचेचं दार ढकलायचं की ओढायचं ते कळेना, म्हणून कोणी आत जाईपर्यंत बाहेर उभी राहिली. आत गार वारं होतं. चपला काढाव्या का, असं तिने विचारलं तर गळ्यात पट्टा घातलेला पोरगा हसला.

"नंबर परत मिळत नाही आजी. इतके महिने बंद राहिला की दुसऱ्याला जातो. तसा नियमच आहे."

"पन मी जित्ती शे ना भाऊ."

"तसं नाही आजी. बंद होता ना तो." त्याने तिच्या मागच्या माणसाकडे बघितलं. "पुढे या. काय काम आहे?"

वच्छलाबाई बाजूला झाली. कोणी अपमान केला नव्हता, कोणी वाकडं बोललं नव्हतं, तरी बाहेर उन्हात आल्यावर तिला रडू आलं. स्टँडच्या भिंतीशी बसून तिने पिशवीतली चिठ्ठी काढली. लताबाईकडून जुना नंबर लिहून आणला होता. एकेक आकडा बघून तो दाबला. स्वतःच्याच नंबरावर फोन लावायची पाळी तिच्यावर आली होती.

"बाई, कापू नको," ती घाईने म्हणाली. "मी वच्छला बोलस. तो नंबर पहिले मना व्हता. मले फकत एक सांग. तुले दोन रिंगा येतस का? बाजारना दिवशी?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ती पोरगी दबल्या आवाजात म्हणाली, "आजी, तुम्ही इथे येऊ शकाल? रविवारी, हे घरी असतात तेव्हा. माझं नाव ज्योत्स्ना. पिंप्राळ्यात दत्ताच्या देवळाजवळ कोणालाही विचारा. पण या नक्की. फोनवर नाही सांगता येत." मागे कोणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

रविवारी वच्छलाबाई पहिल्या एसटीने निघाली. रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जायचं नाही म्हणून अंगणातल्या वेलाची गिलकी तोडून पिशवीत घेतली होती. जळगाव स्टँडवरून रिक्षा केली. पिंप्राळ्यात उतरून तिने देऊळ शोधलं. एकासारखी एक घरं, प्रत्येकापुढे स्कूटर. दोन घरं चुकली, तिसऱ्या दारात तिच्या चपलांकडे बघून एक बाई म्हणाली, "आम्हाला काही घ्यायचं नाही." वच्छलाबाई म्हणाली, "मी इकाले नहीं उनी माय," आणि पुढे निघाली.

ज्योत्स्ना दारातच उभी होती. नवं लग्न झालेली पोर, हातात अजून हिरव्या बांगड्या, पण डोळ्यांखाली काळं. घरात तिचा नवरा हितेंद्र बनियनवर बसला होता. तो चटईच्या कारखान्यात सुपरवायझर होता, सुट्टीच्या दिवशी एक म्हातारी पिशवी घेऊन का आली आहे ते त्याला कळेना.

"यांना सांगा आजी," ज्योत्स्ना म्हणाली. "त्या रिंगा कोणाच्या, ते यांना सांगा."

वच्छलाबाई सतरंजीवर बसली. इतक्या वर्षांत जे लताबाईलाही सांगितलं नव्हतं ते तिने या परक्या माणसांना सांगितलं. लेक, नवरा, कुंकवाची आण, दोन रिंगा, लाल बटण. सांगताना ती हितेंद्रकडे बघत नव्हती, फरशीकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "नंबर परत नहीं मांगत मी. तुमना शे, तुमलेच लखलाभ. फकत एक काम कर माय. दोन रिंगा उन्यात का तू लाल बटण दाबत जाय. तिले वाटी, माय शे. तुले काहीच खर्च नहीं."

ज्योत्स्नाने पदर तोंडाशी नेला. "ऐकलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "दर आठवड्याला त्या रिंगा आल्या की तुम्ही माझ्याकडे कसे बघायचात? कोण आहे तो, कॉलेजातला आहे का, खुणा करतो का. सासूबाईंनी माझ्या माहेरी फोन केला. माझा बाप इथे येऊन हात जोडून गेला."

हितेंद्र मान खाली घालून बसला होता. वच्छलाबाईला वाटलं, चला, पोरीवरचं बालंट गेलं. पण तो मान वर करीना.

"आजी, त्या रिंगा आता येत नाहीत," तो म्हणाला. "मी नंबर ब्लॉक केलाय."

"मंग तो उघाड ना भाऊ."

"तसं नाही." त्याने बायकोकडे बघायचं टाळलं. "चैत्रात मी एकदा उलटा फोन लावला होता. शिव्या द्यायच्या म्हणून. तर बाईने उचलला. म्हणाली, हा माझ्या आईचा नंबर आहे, इतके महिने बंद होता, माझी आई कुठे आहे? मी आधीच तापलेलो. त्यात बाई निघाली म्हणून आणखीच... मी म्हटलं, तुझी आई मेली. आता नंबर आमचा आहे, पुन्हा फोन करू नको."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"बाई होती," ज्योत्स्ना हळू म्हणाली. "म्हणजे तुम्हाला चैत्रापासून माहीत होतं. तरी तुम्ही सगळ्यांना मला नावं ठेवू दिली."

हितेंद्रला लाज वाटली होती आणि ती त्याने बायकोच्या माथी राहू दिली होती. नवऱ्याच्या जातीला हे फार अवघड नसतं. वच्छलाबाईला त्या पोरीची कीव आली, पण आत्ता तिच्याजवळ कीव करायला सवड नव्हती. तिच्या कानांत एकच शब्द फिरत होता. लेकीच्या लेखी ती मेली होती. आता लाल बटण दाबून काय होणार होतं? मेलेल्या माणसाच्या नंबरावर कोण रिंगा देतं?

"फोन लाव भाऊ," ती म्हणाली.

हितेंद्रने ज्योत्स्नाचा फोन घेतला. खाली-वर करून ब्लॉक केलेला नंबर शोधला, मोकळा केला, लावला, आणि आवाज मोठा करून फोन सतरंजीवर तिच्यापुढे ठेवला. रिंग वाजायला लागली. एक झाली, दोन झाल्या. वच्छलाबाईचा अंगठा आपसूक पुढे सरकला. तो तिने दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला. पुन्हा रिंग वाजली, पुन्हा वाजली. देवाच्या दिव्यापुढचा चिंधा तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, लाल डोळ्यांचा, रडू दाबून धरलेला. मनातल्या मनात ती त्याला म्हणाली, माझ्या वाट्याला जे यायचं ते येऊ दे, पण मी पोरीला अशी सोडणार नाही.

"हॅलो." बाईचा आवाज होता, दमलेला. मागे कसली तरी मशीन चालत होती. "आता काय आहे भाऊ? मी नंतर एकदाही फोन केला नाही तुम्हाला. आता कशाला लावलात?"

वच्छलाबाई फोनवर वाकली. ज्योत्स्नाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हेमा," ती म्हणाली.

पलीकडची मशीन चालतच राहिली.

"हेमा, मी शे. माय."

"कोन?"

"मी जित्ती शे, बेटा. कार्ड बदलं व्हतं मी, येडी. फोन तोच शे म्हणीसन मले वाटनं, नंबर बी तोच ऱ्हास."

पलीकडची मशीन थांबली. मग एक हुंदका आला, आणि मग लहान पोरासारखं मोठ्याने रडणं. त्या रडण्यात मध्येच शब्द यायचे, "माय, फोन कापू नको, माय, कापू नको," आणि वच्छलाबाई प्रत्येक वेळी म्हणायची, "नहीं कापत. नहीं कापत." हितेंद्र उठून दाराबाहेर गेला. ज्योत्स्ना मात्र हलली नाही.

रडणं ओसरायला बराच वेळ लागला. मग हेमांगी चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाली, "माय, तू रागावशी."

"कसाले?"

"मले वाटनं तू खरंच मरी गयी. कोन्हले इचारसू? गावमा मले कोन सांगी?" ती थांबली. "आखाजीले मी तुना नावनी घागर भरी."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मेलेल्या पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज आणि सांजोऱ्यांसारखं गोडधोड ठेवतात. जित्या माणसाच्या नावाने घागर भरणं म्हणजे केवढा अपशकुन. ज्योत्स्नाने घाबरून वच्छलाबाईच्या तोंडाकडे बघितलं.

"तू भरी?" वच्छलाबाईने विचारलं.

"मंग कोन भरी माय?"

"काय ठेवं व्हतं वर?"

"डांगर. आंबा. सांजोऱ्या बनाड्यात. नीट जमन्या नहीं. रडत रडत तळ्यात, जळी गयात थोड्या."

वच्छलाबाईने फोन सतरंजीवरून उचलला आणि दोन्ही हातांनी कानाशी धरला. तिचे डोळे वाहत होते, पण चेहरा मोकळा झाला होता.

"बरं करं वं बेटा," ती म्हणाली. "पोऱ्या नहीं, कोनी नहीं. मले वाटे, मी मरसू तं मना नावनं पानी ठेवाले जगमा कोनीच नहीं."